उजनीच्या पाण्यात रिब बोट: डायव्हर उतरवणे आणि पुन्हा बोटीत घेणे

रिब म्हणजे फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा टणक तळ आणि त्याच्या कडेने हवा भरलेली जाड रबरी नळी असलेली बोट. १९६०च्या दशकात वेल्समधील अटलांटिक कॉलेजात रिअर ॲडमिरल डेस्मंड होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या बोटीचा आराखडा घडवला. ब्रिटनच्या जीवरक्षक संस्थेने १९७२पासून ‘अटलांटिक २१’ या नावाने ती बचावकार्यासाठी वापरात आणली. माणसाला पाण्यातून उचलून घेण्यासाठीच ती घडत गेली, म्हणून तिची कड पाण्यापासून फार उंच नसते, डायव्हर बाजूला आला तरी त्याला टणक धार लागत नाही आणि नळीचा एखादा कप्पा फुटला तरी बाकीचे कप्पे तिला तरंगत ठेवतात. या गुणांमुळेच स्कूबा डायव्हिंगसाठी ती जगभर पसंत केली जाते.

सोलापूरला समुद्र नाही, परंतु उजनी धरणाचा यशवंतसागर जलाशय आहे. मालवण-तारकर्लीला डायव्हिंग शिकून आलेली इथली तरुण मंडळी, तसेच आपत्ती व्यवस्थापनाच्या पथकांत काम करणारे जीवरक्षक, या दोघांनाही रिब हाताळण्याचा सराव करायला हेच पाणी जवळचे आहे. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पाण्याखाली काय करायचे हे प्रशिक्षक शिकवतोच. पाण्यावर राहिलेल्या दोन माणसांनी काय करायचे, हे मात्र बहुतेक वेळा ‘बघून येईल’ म्हणून सोडून दिले जाते. माझ्या मते डायव्हची सुरक्षितता निम्म्याहून अधिक त्या दोघांच्या हातात असते.

पाण्याची निवड आणि परवानगी

उजनी हे पर्यटनाचे तळे नसून जलसंपदा विभागाच्या ताब्यातील धरण आहे, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय बोट पाण्यात उतरवू नये. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला ‘अंतर्देशीय जहाजे अधिनियम २०२१’ लागू होतो, म्हणून नोंदणी आणि तपासणीची कागदपत्रे बोटीबरोबर ठेवावीत. ज्या गावाच्या काठावरून उतरणार, तिथल्या मच्छीमारांना आदल्या दिवशी भेटून जाळी कुठे लावली आहेत हे विचारून घ्यावे. ही भेट परवानगीइतकीच महत्त्वाची आहे. थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या पाण्यावर ओळीने दिसल्या, तर खाली जाळे आहे असे समजून ती जागा सोडून द्यावी. त्या जाळ्यात प्रोपेलर अडकतो आणि गढूळ पाण्यात डायव्हरही अडकतो.

तीन जागा कायमच्या वर्ज्य समजाव्यात. पहिली म्हणजे धरणाची भिंत, दरवाजे, कालव्यांची आणि भीमा-सीना बोगद्याची तोंडे, तसेच उपसा सिंचन योजनांच्या विहिरी. तिथे दोन बाजूंच्या पाण्याच्या दाबात फरक असतो. एखादे दार थोडे जरी उघडे असले तरी पाणी माणसाला ओढून तोंडाशी दाबून धरते आणि त्या पकडीतून कोणताही जलतरणपटू स्वतःच्या बळावर सुटत नाही. दुसरी जागा म्हणजे शेतकऱ्यांच्या मोटारींचा पट्टा. ऊस पिकवणाऱ्या गावांच्या काठाला पाण्यात सोडलेले वीजपंप, तरंगते पाइप आणि त्यांच्या केबली यांची रांग असते. थ्री फेज लाइट रात्री येईल की दिवसा, हे भारनियमनाच्या वेळापत्रकावर ठरते, त्यामुळे ‘आत्ता मोटार बंद आहे’ या भरवशावर तिथे उतरणे जिवावर बेतू शकते. तिसरी जागा भिगवणकडच्या उथळ फुगवट्याची, जिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. तिथे इंजिनाची बोट नेऊ नये आणि एवढ्या उथळ पाण्यात डायव्हिंगला अर्थही नाही.

पाण्याची पातळी आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. उजनीची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर आहे, तर उपयुक्त साठा संपतो तेव्हा ती ४९१.०३ मीटरवर येते. दुष्काळी वर्षात ती त्याहूनही खाली जाते. डिसेंबरात जिथे बारा मीटर खोली मिळाली, तिथे मे महिन्यात सहा मीटरच पाणी असू शकते आणि मधल्या काळात बुडालेली झाडे, विहिरींचे कठडे, जुन्या वस्त्यांच्या भिंती पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आलेल्या असतात. बोटीचा तळ आणि प्रोपेलर यांना त्यांचाच धोका असतो.

या आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते, जी समुद्रावर शिकलेल्या डायव्हरच्या ध्यानात सहसा येत नाही. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून अधिक उंचीवरचे पाणी डायव्हिंगच्या शास्त्रात ‘उंचीवरचे’ मानले जाते. उजनी जवळजवळ ५०० मीटरवर असल्यामुळे किती खोलीवर किती वेळ राहायचे याचे समुद्रासाठी केलेले तक्ते इथे जसेच्या तसे वापरता येत नाहीत. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळेचा हिशोब ठेवणारे मनगटावरचे यंत्र, उंची आपोआप ओळखतो की हाताने लावावी लागते, हे त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि बोटीवर बसण्यापूर्वी प्रत्येकाचा कॉम्प्युटर तपासावा. गोड्या पाण्याची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के कमी असते, म्हणून सामानासह शंभर किलो भरणाऱ्या डायव्हरने तारकर्लीला कमरेला बांधलेल्या वजनातून साधारण अडीच किलो शिसे कमी करावे. असे न केल्यास तो पृष्ठभागावर बोटीची वाट पाहताना थकून जातो.

ऊन, वारा आणि बोटीची तयारी

सोलापूरच्या उन्हात रिबची नळी हा पहिला चिंतेचा विषय आहे. बहुतेक नळ्यांत ०.२ ते ०.२५ बार एवढाच दाब ठेवायचा असतो; नेमका आकडा उत्पादकाने बोटीवर किंवा पुस्तिकेत दिलेला असतो. सकाळी पंचवीस अंशांना भरलेली हवा ट्रेलरवर उन्हात पंचावन्न अंशांपर्यंत तापली, तर हाच दाब दीडपटीच्या आसपास जातो आणि जोडाच्या शिवणी सुटू लागतात. म्हणून प्रवासात नळी थोडी मऊच ठेवावी, बोट पाण्यात उतरवावी, दहा मिनिटे पाण्याने नळी थंड होऊ द्यावी आणि मग दाबमापक लावून योग्य दाबापर्यंत हवा भरावी. काठावरच कडक भरलेली नळी थंड पाण्यात गेल्यावर सैल पडते, आणि सैल नळीवर बसून मागे उडी घेणाऱ्या डायव्हरचा तोल जातो. भरलेली सिलिंडरेही ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवावीत.

त्यानंतर ओबीएम, म्हणजे बाहेर लावलेले इंजिन. सुरू केल्यावर त्याच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडते आहे की नाही, हे आधी पाहावे. भीमेतून वाहत येणारी जलपर्णी पाणी ओढण्याच्या जाळीवर बसते, धार बंद होते आणि काही मिनिटांत इंजिन तापते. किल कॉर्ड, म्हणजे चालक बोटीतून फेकला गेल्यास इंजिन बंद पाडणारी दोरी, चालकाच्या मांडीभोवती अडकवावी आणि काठ सोडण्यापूर्वी ओढून इंजिन खरोखर बंद पडते याची खात्री करावी. चालकाशिवाय गोल फिरणारी बोट पाण्यातल्या माणसांवर पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे या एका वस्तूच्या बाबतीत ‘थोडेच अंतर आहे’ ही सबब चालू देऊ नये. इंधनाचा हिशोब तिसऱ्या हिश्श्याचा ठेवावा: एक भाग जायला, एक भाग यायला आणि एक भाग राखीव.

बोटीवर आणखी काय असावे ते थोडक्यात सांगतो. दोन वल्ही, नांगर आणि दोर, हवेचा पंप, ऑक्सिजनचा संच, प्रथमोपचार पेटी, शिट्टी, चाकू, पाणी, फेकण्याचा दोर, सर्व कर्मचाऱ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट, आणि निळा-पांढरा ‘अल्फा’ ध्वज. हा ध्वज पाण्याखाली माणूस असताना वर असावा आणि सगळे वर आल्यावर उतरवावा. दिवसभर फडकत राहिलेल्या ध्वजाला कोणी मानत नाही. उजनीतल्या सगळ्या होड्यांना त्याचा अर्थ माहीत असेलच असे नाही, म्हणून तो आदल्या दिवशीच्या भेटीत मच्छीमारांना दाखवून ठेवावा.

वाऱ्याविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळवाचे ढग दाटतात, काही मिनिटांत वारा सुटतो आणि मैलोगणती उघड्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात. समुद्राच्या लांब लाटेवर रिब चढते-उतरते, परंतु धरणाच्या या आखूड लाटा तिच्यावर सतत आदळत राहतात आणि त्यांच्यामध्ये डायव्हरचे डोके दिसेनासे होते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे निघावे आणि शेवटचा डायव्हर दहाच्या आत बोटीत असावा असे वेळापत्रक आखावे. पश्चिमेला ढगांची कडा काळी दिसू लागली की पाण्यात कोणालाही उतरवू नये.

बोटीवर कोण काय करतो

किमान दोन माणसे पाण्याबाहेर असावीत. एक चालक, जो फक्त बोट हाताळतो. दुसरा डेकवरचा मदतनीस, जो नोंद ठेवतो, डायव्हरवर नजर ठेवतो आणि त्यांना वर ओढून घेतो. पुरेशी माणसे नसतील तर डायव्हरची संख्या कमी करावी, पण एकट्या चालकावर बोट सोडू नये. सामानासह एक डायव्हर ११० ते १२० किलो भरतो. बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीवर लिहिलेली संख्या साध्या प्रवाशांची असते, त्यामुळे साडेपाच-सहा मीटरच्या रिबवर चार डायव्हर आणि दोन कर्मचारी यांपेक्षा अधिक गर्दी मी होऊ देत नाही.

सिलिंडरे मधल्या भागात आडवी ठेवून पट्ट्यांनी बांधावीत. वजनपट्टे तळाशी असावेत, नळीवर कधीही नसावेत. निघण्यापूर्वी मदतनीसाने पाटीवर प्रत्येकाचे नाव, जोडी, सिलिंडरचा दाब, ठरलेली खोली आणि कमाल वेळ लिहावी. जोडीदार हरवला तर पाण्याखाली एक मिनिट शोधायचे आणि मग वर यायचे, हेही इथेच सर्वांसमोर बोलून घ्यावे. वर बोलावण्याची खूणही ठरवावी. शिडीच्या पाण्यातल्या टोकावर धातूने ठराविक ठोके दिले की ते खाली ऐकू जातात. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे डायव्हरला कळत नाही. खूण ऐकली की त्याने आवाजाचा शोध न घेता वर यायचे, एवढेच पक्के करावे.

उतरवणे

आधी खाली जाण्याचा दोर टाकावा: खाली वजन, वर ठळक रंगाचा तरंगता फुगा आणि दोराची लांबी त्या दिवशीच्या खोलीपेक्षा थोडीच जास्त. दोर फार लांब राहिला तर फुगा भरकटतो आणि दोराचे वेटोळे प्रोपेलरची वाट पाहत पाण्यावर तरंगतात. उजनीचे पाणी बहुधा हिरवट आणि गढूळ असते, तळाशी गाळ असतो, त्यामुळे दोराला धरूनच खाली जाणे आणि वर येणे हा नियम इथे समुद्रापेक्षा कडकपणे पाळावा.

चालकाने बोट फुग्याच्या थोडी वाऱ्याकडील बाजूस आणावी, म्हणजे उतरलेले डायव्हर वाहत फुग्याकडेच जातात. जोडीतले दोघे समोरासमोरच्या नळ्यांवर पाठ बाहेर करून बसतात, बीसीडीत (अंगावरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये) थोडी हवा, मास्क तोंडावर, रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घेण्याचे साधन) तोंडात. मदतनीस दोघांच्या मागचे पाणी मोकळे आहे हे पाहतो. चालक गिअर न्यूट्रलला आणून ‘न्यूट्रल!’ असे मोठ्याने सांगतो, आणि त्यानंतरच मदतनीस ‘तीन, दोन, एक, जा!’ म्हणतो. डायव्हर एका हाताने मास्क आणि रेग्युलेटर दाबून धरतो, दुसऱ्या हाताने रेग्युलेटरच्या नळ्या छातीशी घेतो आणि हनुवटी छातीला लावून मागे पडतो. दोघे एकाच वेळी गेले तर बोट डोलत नाही. जो ‘जा’ म्हटल्यावर गेला नाही, त्याने बसूनच राहायचे; उशिराने मारलेली उडी आधीच्याच्या डोक्यावर पडते.

वर आलेला प्रत्येक जण डोक्यावर हात ठेवून ‘ठीक’ ची खूण देईपर्यंत चालकाने गिअरला हात लावू नये. खुणा मोजून झाल्या की मदतनीस ‘दोन्ही मोकळे’ म्हणतो आणि बोट हळू दूर जाते. वळताना बोटीचे नाक ज्या बाजूला वळते, तिची शेपटी त्याच्या उलट बाजूला फेकली जाते. म्हणून डायव्हर डावीकडे असेल तर सुकाणूही डावीकडेच वळवावे, म्हणजे प्रोपेलर त्याच्यापासून लांब जातो. नवशिक्या चालकाचा हात नेमका उलट, माणसापासून दूर वळतो. रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनला डायव्हर समजून हे वळण हाताला सवय लागेपर्यंत घोटावे.

पाण्यावरची वाट

डायव्हर खाली असताना बोट फुग्यापासून पन्नासेक मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावी, जेणेकरून वाऱ्याने बोट डायव्हरवर न येता त्यांच्यापासून दूरच जाईल. इंजिन बंद ठेवले तरी ते लगेच सुरू होईल याची खात्री हवी. मदतनीसाची नजर बुडबुड्यांवर असते. शांत पाण्यात ते स्पष्ट दिसतात, वारा सुटला की नाही. म्हणून प्रत्येक जोडीने वर येताना पाच-सहा मीटरवरून केशरी फुगा सोडावा आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घ्यावा. या वेळेत फोन पाहणे, मासे पकडणे किंवा ‘जरा पलीकडे चक्कर मारणे’ यांपैकी काहीही होऊ नये.

वर घेणे

सर्वांत जास्त कौशल्य इथे लागते. डायव्हर थकलेला असतो, त्याचे डोके पाण्याच्या पातळीवर असते आणि बोटीचा तळ, प्रोपेलर आणि नळी या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे येत असतात. डायव्हरने बोटीकडे पोहत जायचे नसते, बोटीने त्याच्याकडे यायचे असते, हे दोघांनाही आधीच माहीत असावे.

चालकाने वाऱ्याच्या खालच्या बाजूने, वाऱ्याला तोंड देत, चालण्याच्या वेगाने यावे. समोरचा वारा बोटीला ब्रेक लावतो आणि हात चुकला तरी बोट डायव्हरपासून मागे सरकते. मदतनीस नाकाजवळ उभा राहून डायव्हरकडे सतत हात रोखून ठेवतो, कारण शेवटच्या काही मीटरांत तो चालकाला नाकाआड दिसेनासा होऊ शकतो. बोटीच्या एका लांबीवर गिअर न्यूट्रलला आणून उरलेले अंतर बोटीला आपल्या वेगावर कापू द्यावे आणि डायव्हर चालकाच्या बाजूला, पुढच्या अर्ध्या भागाशी आला की इंजिन पूर्ण बंद करून ‘इंजिन बंद!’ असे सांगावे. अंतर चुकले तर रिव्हर्स घेऊ नये. मागे येणारी बोट प्रोपेलर पुढे करून माणसाकडे येते. शांतपणे दूर जाऊन, वळसा घालून पुन्हा यावे. दुसऱ्या खेपेत कमीपणा नाही.

वाऱ्याकडील बाजूस आडवे थांबून बोट डायव्हरकडे वाहू देण्याची दुसरी पद्धतही आहे. बोटीच्या आडोशाने पाणी शांत होते, म्हणून अगदी थकलेल्या माणसासाठी ती उपयोगी पडते. परंतु वाऱ्याने ढकललेली रिब डायव्हरपेक्षा वेगाने सरकते आणि त्याला नळीखाली दाबू शकते. इंजिन बंद ठेवून आणि मदतनीसाने माणसाला धरून ठेवूनच ती वापरावी.

एकापेक्षा जास्त जोड्या वर आल्या असतील तर आधी ज्याला त्रास होतो आहे तो, मग वाहत दूर चाललेले, आणि शेवटी दोर धरून थांबलेले, असा क्रम ठेवावा.

बाजूला आलेला डायव्हर नळीवरचा दोर धरतो, बीसीडी पूर्ण फुगवतो आणि मास्क व रेग्युलेटर तसेच ठेवतो. मग आधी कॅमेरा-टॉर्च, नंतर वजनपट्टा वर द्यायचा. वजन अंगावर असताना बीसीडी काढली, तर माणूस दगडासारखा खाली जातो. त्यानंतर तो बीसीडीतून बाहेर येतो, आणि मदतनीस सिलिंडरचा वॉल्व्ह धरून ते ओढून घेतो. फिन्स, म्हणजे पोहण्यासाठी पायात घातलेले रबरी पंख, मात्र पायातच राहू द्याव्यात: शिडी नसेल तर दोन्ही हात नळीवर ठेवून एक जोरदार किक मारली की छाती नळीवर येते, आणि बाकीचे काम मदतनीसाचा हात करतो. शिडी असेल तर हाताने ती पकडल्यावरच फिन्स काढाव्यात. चढणाऱ्याच्या खाली दुसरा कोणी थांबता कामा नये.

आता मोजणी. पाटीवरचे प्रत्येक नाव वाचावे आणि त्या माणसाने स्वतः ‘हो’ म्हणावे. डोकी मोजून किंवा जोडीदाराच्या उत्तरावर काम भागवू नये. १९९८ साली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर एक बोट दोन डायव्हरना पाण्यातच सोडून परतली आणि ते मागे राहिल्याचे दोन दिवसांनी लक्षात आले. ते पुन्हा सापडले नाहीत. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय ध्वज उतरवू नये आणि इंजिनही सुरू करू नये.

बेशुद्ध किंवा आजारी डायव्हर

बेशुद्ध माणसाला बोटीत घेताना इंजिन बंद, त्याचे तोंड पाण्यावर, वजन आणि बीसीडी काढून टाकलेली, असा क्रम राहतो. जाळीची किंवा रुंद पट्ट्याची झोळी त्याच्या खालून घालून, एक कड बोटीत बांधून दुसरी ओढली की तो आडवा गुंडाळत नळीवरून आत येतो. दोन माणसांना हे जमते, आणि आडवे घेणे त्याच्या रक्ताभिसरणासाठीही बरे असते. आत आल्यावर श्वास तपासून गरजेप्रमाणे पुनरुज्जीवन (सीपीआर) सुरू करावे. श्वास चालू असेल तर सपाट झोपवून शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा. ११२ किंवा १०८ ला फोन करताना कोणत्या गावाच्या काठाला बोट लागणार हे नेमके सांगता यावे, म्हणून रुग्णवाहिका पाण्यापर्यंत येऊ शकेल असा काठ आधीच पाहून ठेवावा. सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे अशी तक्रार डायव्हनंतर काही तासांनी आली तरी ती शरीरात तयार झालेल्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे असू शकते. ‘झोपल्यावर बरे वाटेल’ असे म्हणून तिला टाळू नये.

उंचीवर हवेचा दाब कमी होऊन हे बुडबुडे वाढू शकतात, म्हणून मालवणहून परतणाऱ्यांना सांगतो. सोलापूरला येताना घाट चढावाच लागतो आणि आंबोलीच सुमारे ६९० मीटरवर आहे. डायव्हिंगनंतर ६१० मीटरहून अधिक उंचीवर विमानाने जाण्याबाबतची प्रचलित शिफारस अशी: एका साध्या डायव्हनंतर बारा तास आणि अनेक डायव्हनंतर अठरा तास थांबावे. घाटाच्या रस्त्यालाही तीच लावणे शहाणपणाचे. दुपारी डायव्ह करून रात्रीची गाडी पकडण्याऐवजी पहिल्या दिवशी डायव्हिंग आणि दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला असा बेत करावा.

परतल्यावर

काठाला लागल्यावर तळाचे बूच काढून पाणी वाहू द्यावे, प्रोपेलरवर नायलॉनचा धागा गुंडाळला आहे का ते पाहावे आणि जलपर्णीचा एकही तुकडा ट्रेलरवरून दुसऱ्या तलावात जाऊ नये म्हणून बोट तिथेच धुवावी. नळीतला दाब पुन्हा कमी करावा, आणि शेडमध्ये ठेवताना जाड सुती आच्छादन घालावे. सोलापूरचे ऊन नळीच्या पीव्हीसी कापडाला चिकट आणि ठिसूळ करते; हायपालॉन हे रबरी कापड जास्त टिकते, पण महाग पडते. गोदामात उंदीर असतील तर बोट जमिनीपासून उंच ठेवावी. किल कॉर्ड, दाबमापक आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरचा दाब यांची नोंद त्याच दिवशी वहीत करावी, कारण पुढच्या खेपेला बोट घेऊन जाणारा माणूस दुसरा असू शकतो.